आजी, ड्यूफॉल म्हणजे काय?

वाचकाचं पत्र

"माझं वय ७१. माहेर आणि सासर दोन्ही वसईचं, नंदाखालच्या बाजूचं. शाळेत शिक्षिका होते. मिस्टर गेल्यावर मुलाने मला बडोद्याला आणलं. सून आणंदकडची, गुजराती कॅथलिक, स्वभावाने चांगली. आमच्या चर्चमध्ये रविवारी एक मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, गुजरातीत असते, एक इंग्रजीत. मी आयुष्यभर मराठीत उत्तरं दिली. इथे तोंड उघडते आणि शब्दच येत नाहीत. गुजराती समजते, पण ती भाजीवाल्याशी बोलायची भाषा वाटते, देवाशी बोलायची नाही. इंग्रजी वाचता येतं, पण इंग्रजीत मी कधी रडले नाही. मुलगा म्हणतो, 'आई, घरीच जपमाळ म्हण आणि मोबाइलवर वसईची मिस्सा बघ.'

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. नऊ वर्षांची नात इंग्रजी मिस्सेत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'आजी, ड्यूफॉल म्हणजे काय?' मी सांगितलं, 'दव पडतं ना, ते.' सांगितलं आणि एकदम आमची वाडी डोळ्यांपुढे आली. पहाटेची केळीची पानं, त्यांच्यावरचं पाणी. इतका आनंद झाला की परमप्रसाद कधी घेतला तेही कळलं नाही. तेव्हापासून अपराधी वाटतं. मी शब्दात रमले आणि देवाला विसरले का?

आणि एक भीती आहे. माझी वेळ येईल तेव्हा उशाशी बसून मराठीत प्रार्थना कोण म्हणेल?"

— एक वाचक, बडोदे (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

प्रिय ताई,

दवाची गोष्ट तुम्ही संकोचाने, मधेच कुठेतरी लिहिली आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही मला तिथेच सापडतात.

फादर भाकर आणि द्राक्षरसावर हात पसरून पवित्र आत्म्याला बोलावतात, त्या वेळी तो शब्द येतो. या मुख्य प्रार्थनेला, म्हणजे युखारिस्त प्रार्थनेला, एकाहून जास्त पाठ आहेत; त्यांतला दुसरा, सगळ्यात छोटा असेल तेव्हाच. दव उतरावं तसा तुझा आत्मा या दानांवर उतरू दे, अशा अर्थाची ती ओळ आहे. लॅटिन मूळ पाठात हे दव आहेच. १९७३ च्या इंग्रजी भाषांतराने मात्र ते गाळलं होतं. आत्मा या दानांवर येवो आणि ती पवित्र होवोत, एवढंच त्यात उरलं होतं. पुढे बहुतेक इंग्रजीभाषक देशांत २०११ च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळपूर्वीच्या आठवड्यांपासून, नवं भाषांतर सुरू झालं आणि दव पुन्हा मिस्सेत आलं. त्या वेळी खूप कुरकुर झाली. असं कोण बोलतं, इतकी अवघड वाक्यं कशाला, असं लोक म्हणाले. काही वाक्यं खरोखरच अवघड आहेत आणि वाचताना फादरांचीही दमछाक होते, हे मी मान्य करते. पण या दवासाठी मी त्या भाषांतराला बाकीचं सगळं माफ करायला तयार आहे.

कारण ते दव शोभेसाठी आलेलं नाही. बायबलमधल्या निर्गमचा सोळावा अध्याय काढा. इस्राएली लोक रानात उपाशी आहेत. सकाळी छावणीभोवती दव पडलेलं असतं. ते दव विरतं आणि खाली जमिनीवर हिमकणांसारखं काहीतरी बारीक दिसतं. तो मान्ना, देवाने पाठवलेलं अन्न. म्हणजे आधी दव येतं आणि त्याच्या मागून भाकर. मिस्सेतही तोच क्रम आहे. आत्मा दवासारखा उतरतो आणि समोरची भाकर ख्रिस्ताचं शरीर होते. स्तोत्रसंहितेत हेर्मोन डोंगराचं दव आहे, होशेयच्या ग्रंथात प्रभू स्वतःच म्हणतो की मी इस्राएलला दवासारखा होईन, आणि आगमनकाळात चर्च यशयाच्या शब्दांत आकाशाला विनवतं की वरून दव पडू दे. हे सगळं त्या एका शब्दाच्या पोटात आहे.

तुम्ही वाडीत वाढलात. दव पडताना कुणाला दिसत नाही. रात्रभर कुठे आवाज नसतो, आणि पहाटे कंदील घेऊन बाहेर पडावं तर पायापासून गुडघ्यापर्यंत लुगडं ओलं होतं. पवित्र आत्म्याच्या येण्याविषयी याहून नेमकं मला तरी कुणी शिकवलेलं नाही. त्या क्षणी तुम्हाला केळीची पानं दिसली म्हणजे तुम्ही प्रार्थनेतून बाहेर गेलात, असं मी कसं म्हणू? प्रार्थनेने तुम्हाला जिथे न्यायचं होतं तिथेच तुम्ही पोचलात. फक्त वाट तुमच्या वाडीतून गेली.

परमप्रसाद कधी घेतला ते कळलं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटतं ते मला समजतं. पुढच्या वेळी ते दव मनातून झटकू नका. तेच घेऊन फादरांसमोर जा. मान्ना दवाखालीच सापडला होता.

शब्दात रमण्याची भीती फार जुनी आहे. संत ऑगस्टीन यांना हीच भीती होती. ३८७ मध्ये मिलान शहरात संत अँब्रोज यांनी त्यांना स्नानसंस्कार दिला. त्या दिवसांत चर्चमधली गाणी ऐकून आपल्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे बिशप झाल्यावर त्यांना शंका आली. आपल्याला गाण्याचा अर्थ हलवतो की नुसतं गाणं? कधी कधी गाणंच जास्त हलवतं, आणि तेव्हा आपण पाप करतो, असं त्यांनी कबूल केलं. चर्चमधून गोड चाली बंदच कराव्यात, इथपर्यंत त्यांचं मन गेलं होतं. पण मग त्यांना मिलानचे ते अश्रू आठवले. कानाला मिळालेल्या आनंदामुळे दुबळं मनही भक्तीकडे वळतं, असं म्हणून त्यांनी गाण्याच्या बाजूने कौल दिला. संतपदाला पोचलेला माणूस या प्रश्नाशी इतका झगडला, तेव्हा तुम्हाला प्रश्न पडला यात लाजण्यासारखं काही नाही. आणि त्यांचा कौल कुठल्या बाजूने पडला तेही लक्षात घ्या.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. रविवारी आवडलेला शब्द मंगळवारी भांडी विसळताना परत आठवतो का? आणि आठवला तर त्याच्याबरोबर देवाशी एखादं वाक्य बोलावंसं वाटतं का? वाटत असेल तर तो शब्द आपलं काम करतो आहे. तुम्हाला ते दव इतके दिवस सोडत नाही, तुम्ही त्याच्याविषयी पत्र लिहिलंत, स्वतःच्या मनाची झडती घेतलीत. देवाला विसरलेलं माणूस असं वागत नाही.

आता गुजरातीकडे येते. इथे मी थोडी स्पष्ट बोलणार आहे. ती भाजीवाल्याशी बोलायची भाषा आहे, असं तुम्ही लिहिलंत. ताई, वसईत भाजीवालीशी तुम्ही कुठल्या भाषेत बोलत होतात? मराठी तर बाजारातही होती आणि वेदीवरही. तुमची आज तुटलेली ती मराठी मिस्साही फार जुनी नाही. तुम्ही लहान होतात तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला आणि लोकांच्या भाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. १९६९ च्या आगमनकाळापासून मिस्सेचा विधीही नव्या रूपात आला. तुमच्या आईचा विचार करा. तिने फादरांच्या पाठीकडे बघत 'एत कुम स्पिरितू तुओ' ऐकलं होतं. तिच्या आईनेही तेच ऐकलं होतं. मग एका रविवारी फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठीत बोलू लागले. तिच्या जिभेलाही तेव्हा शब्द सापडले नसतील. ती अडखळत शिकली, म्हणून तुम्हाला मराठी मिस्सा जन्मापासूनची वाटते.

मागे जावं तितकं हेच दिसतं. रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची उपासना ग्रीकमध्ये चालायची. चौथ्या शतकात ती लॅटिनमध्ये आली, आणि लॅटिन तेव्हा तिथल्या बाजाराचीच भाषा होती. आजही आपण एका मिस्सेत आमेन आणि आलेलुया हिब्रूतून म्हणतो, किरिये एलेइसोन ग्रीकमधून म्हणतो, आणि ते परकं आहे असं आपल्या मनातही येत नाही.

नव्या शब्दाने दुखावलेल्या तुम्ही पहिल्या नाही, म्हणून एक प्रसंग सांगते. तो खरा आहे. ऑगस्टीन यांनी ४०३ मध्ये संत जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात तो आहे. जेरोम यांनी बायबलचं नवं लॅटिन भाषांतर करायला घेतलं होतं. आजच्या लिबियातलं त्रिपोली म्हणजे तेव्हाचं ओएआ. तिथल्या बिशपांनी योनाचा ग्रंथ त्या नव्या भाषांतरातून वाचायला लावला. योनाच्या डोक्यावर सावली धरणारी वेल लोकांच्या कानांत भोपळ्याची म्हणून बसलेली होती. जेरोम यांनी तिथे दुसऱ्याच वेलीचं नाव घातलं होतं. झालं! चर्चमध्ये गोंधळ उडाला. मंडळीच सोडून जातील या धाकाने बिशपांना जुना शब्द परत घ्यावा लागला. एका वेलीसाठी! मला त्या लोकांचं हसू येत नाही. शास्त्रवचनातला एक शब्द बदलला तर ज्यांना झोंबतं, ती माणसं ऐकत असतात. पण पुढचं बघा. लोकांनी झिडकारलेलं जेरोम यांचं तेच भाषांतर नंतर हजारांहून जास्त वर्षं पश्चिमेच्या चर्चचं बायबल होतं, आणि त्यातला शब्द हलवायचा म्हटलं की लोक तितकेच अस्वस्थ व्हायचे.

आपल्या मराठीतलं उदाहरण तर तुम्ही स्वतः शाळेत शिकवलं असेल. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला उतरले तेव्हा तिशीत होते. जन्माचे इंग्रज. त्यांनी आपली भाषा शिकून ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. मराठीच्या गोडव्याविषयी ज्या ओव्या आपण अभिमानाने म्हणतो, त्या अशा माणसाच्या आहेत ज्याला मराठी तिशीनंतर भेटली. त्याच्या कानाला ती नवी होती, म्हणून आपण रोज बोलतो आणि ऐकत नाही ते त्याला ऐकू आलं. तुम्हाला बडोद्यात ही संधी मिळते आहे, असं मला मनापासून वाटतं.

गुजराती मिस्सेला लोक काय म्हणतात ते तुम्ही ऐकलंच असेल. ख्रिस्तयज्ञ. हा शब्द तुम्हाला भाजीबाजारात कधी भेटला? शुभवर्तमानाला ते शुभसंदेश म्हणतात, येशूला ईसु, मारियेला मरियम. तुम्हाला अर्धं कळतं, अर्धं अंदाजाने घ्यावं लागतं, आणि म्हणून कान टवकारून बसावं लागतं. मराठीत आपण कित्येकदा पुढचं वाक्य आधीच मनात म्हणून मोकळे होतो आणि फादर मागून येतात. गुजरातीत तशी सोय नाही. अशा मिस्सेत आरती ओवाळताना बघितलंत तर बिचकू नका. भारतातल्या उपासनेसाठी १९६९ मध्ये रोमने जे बारा बदल मान्य केले, त्यांत आरती आहे, समई आहे, हात जोडून नमस्कार करणंही आहे.

तुमच्या घरात तर एक मोठी गोष्ट आहे, आणि पत्रात तिच्यासाठी तुम्ही अर्धंच वाक्य खर्चलं आहे. तुमची सून चरोतरची, म्हणजे आणंदच्या मुलखातली. तिची आजी गुजरातीत प्रार्थना करून गेली असेल. तिला ताप आला तेव्हा आईने गुजरातीतच कपाळावर क्रूस काढला असेल. ती गुजरातीत रडली आहे. तुम्ही 'इंग्रजीत मी कधी रडले नाही' असं लिहिलंत ते मला फार भिडलं. आता सुनेच्या बाबतीत तेच वाक्य गुजराती धरून वाचा. तिच्या भाषेतला देव तुम्हाला भेटला तर तीही तुम्हाला नव्याने भेटेल. तिला एवढंच सांगा, 'मला तुझी एक प्रार्थना शिकव.' सासूने सुनेकडे प्रार्थना शिकायला बसावं, हे आपल्याकडे फार घडत नाही. शिकताना उच्चार चुकतील, ती हसेल, तुम्हीही हसा.

म्हणून माझा सल्ला असा, की तुम्ही गुजराती मिस्सा धरा आणि निदान पुढचा नाताळ होईपर्यंत ती सोडू नका. एक रविवार इथे, एक रविवार तिथे असं केलंत तर दोन्हीकडे पाहुण्या राहाल. नव्या मडक्यात पाणी लगेच गार होत नाही, ते आधी मुरावं लागतं. इंग्रजी मिस्सेला नातीबरोबर अधूनमधून जरूर जा, पण तो सण म्हणून.

शनिवारी संध्याकाळी रविवारची वाचनं मराठीतून वाचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल तुमच्याजवळ असणारच. नसेल तर मुलाला वसईहून आणायला सांगा. जी वाचनं नंदाखालला होणार तीच बडोद्यात होणार आहेत, कारण रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र सगळीकडे एकच असतं. एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. मराठी मनात ठेवून जा आणि चर्चमध्ये पुस्तक न उघडता फक्त ऐका. कथा ओळखीची आणि शब्द नवे, असं झालं की एखाद्या ठिकाणी कान अडखळेल. बहुतेक वेळा थांबून बघण्यासारखी जागा तीच असते.

सगळी उत्तरं एकदम पाठ करायला जाऊ नका. शिक्षिकेला असं सांगणं अवघड आहे, कारण तुम्ही वही काढून सगळं उतरवायला बसाल! आधी एकच घ्या. परमप्रसादापूर्वी आपण जे म्हणतो ते, की प्रभू, तू माझ्या घरात यावंस अशी माझी योग्यता नाही. नव्या इंग्रजी पाठात तिथे आता शताधिपतीचे शब्द जसेच्या तसे आहेत: माझ्या छपराखाली. कफर्णहूमचा तो रोमी अधिकारी आठवतो ना, मत्तयच्या आठव्या अध्यायातला? चाकर आजारी म्हणून आला होता. तो यहुदी नव्हता. त्या मुलखात परकाच होता. आणि आज जगभरातले बहुतेक कॅथलिक, पोप धरून, परमप्रसाद घेण्यापूर्वी त्या परक्या माणसाचं वाक्य म्हणतात. चर्चने त्याच्या जागी दुसरं काही शोधलं नाही. तुम्ही स्वतःचं छप्पर सोडून मुलाच्या छपराखाली आला आहात. हे वाक्य सुनेकडून गुजरातीत शिका, नातीकडून इंग्रजीत ऐका, आणि मनात मराठीतही म्हणा. प्रभूला तिन्ही छपरं ठाऊक आहेत.

नवेपणाचं मी इतकं कौतुक केलं, तर त्याची दुसरी बाजूही सांगते. प्रत्येक रविवारी कॉयरने नवं गाणं काढायचं, लोकांनी तोंडं मिटून बघत राहायचं, हा नवेपणा मला मुळीच नको. त्यात लोकांची प्रार्थना काढून घेतली जाते. स्तोत्रकर्ता पुन्हा पुन्हा म्हणतो की परमेश्वरापुढे नवं गीत गा, आणि तीच स्तोत्रं आपण दोन हजारांहून जास्त वर्षं गात आलो आहोत. यिर्मयाच्या विलापातही प्रभूची दया रोज सकाळी नवी होते असं आहे. रोज सकाळी दुसरी होते असं नाही. जे टिकून आहे ते नव्याने कानावर पडावं, इतकंच मला हवं आहे. तुमच्या चर्चमध्ये दर आठवड्याला चाली बदलत असतील आणि त्यामुळे तुमची जीभ अडत असेल, तर मुलाला घेऊन फादरांना भेटा आणि सांगा. म्हाताऱ्या माणसांनी हे सांगायलाच हवं, कारण तरुणांना आपण अडलो हे कळतही नाही.

मोबाइलवरच्या मिस्सेबद्दल थोडक्यात. आजारी असाल, पाऊस कोसळत असेल, तेव्हा अवश्य बघा. २०२० मध्ये चर्चची दारं बंद होती तेव्हा हजारो घरांना तिनेच धरून ठेवलं. पण पाय चालत असताना ती रोजची सवय करू नका. मुलगा काळजीने बोलतो हे खरं, तरी त्याला सांगा की पडद्यावर तुमच्या शेजारी कुणी उभं राहत नाही, शांतीच्या वेळी कुणी तुमच्याकडे वळत नाही, आणि कानाशी येऊन कुणी दवाचा अर्थ विचारत नाही. मराठी जपमाळ मात्र एक दिवसही चुकवू नका. दुखण्यात, एकटेपणात, रात्री झोप येत नाही तेव्हा जी भाषा आपोआप ओठांवर येते तिची जागा दुसरी कुठलीच भाषा घेणार नाही, आणि तिने घ्यावी असं मी म्हणतही नाही.

ईस्टरच्या जागरणविधीला मात्र या वर्षी नातीबरोबर इंग्रजीतच जा. अंधारात पास्काची मोठी मेणबत्ती आत आणली की डीकन किंवा फादर एक लांब स्तुतिगीत गातात. त्यात मधमाश्या आहेत! हे मेण मधमाश्यांच्या कामातून आलं, आई मधमाशीने ते दिलं, असं देवाला सांगितलं जातं. ज्योत अनेकांत वाटली तरी तिचा उजेड कमी होत नाही, असंही तिथेच येतं. १९७३ च्या इंग्रजी पाठातून या मधमाश्याही दवासारख्याच गळल्या होत्या आणि २०११ मध्ये परत आल्या. नातीला आधी सांगून ठेवा की मधमाश्या कुठे येतात ते ऐक. नऊ वर्षांचं मूल रात्रीच्या त्या लांब विधीत झोपून जातं. पण मधमाशी शोधायची असेल तर जागं राहतं. तुम्ही वर्गात हेच करत होतात ना?

आता तुमची शेवटची भीती. तिला मी हात लावायला कचरत होते, पण तुम्ही धीराने लिहिलंत, तर मीही सरळ लिहिते. उशाशी मराठीत प्रार्थना कोण म्हणेल, याचं उत्तर आज तयार नसेल, पण तयार करता येतं. मुलाला मराठी प्रार्थना येतात का? लहानपणी येत असणार, आता विसरला असेल. जेवणानंतर जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, त्याला तुमच्यासोबत म्हणायला लावा. पूर्ण जपमाळेचा आग्रह धरलात तर तो कामं काढेल. एका दशकाला नाही म्हणणार नाही. आणि ती नात. तिचा दिवस इंग्रजीत आणि गुजरातीत जातो. तिच्या कानाला नवी, थोडी अवघड, कवितेसारखी लागणारी भाषा कुठली, तर तुमची. तुम्हाला इंग्रजीतल्या दवाने जे दिलं ते तिला मराठीतून द्यायचं काम तुमच्याकडे आहे. अर्थ आधी समजावू नका. म्हणून दाखवा आणि तिला विचारू द्या. विचारेलच, विचारणारी मुलगी आहे. मारियेच्या प्रार्थनेतलं कृपापूर्णे म्हणजे काय, असं ती विचारील तेव्हा घाईने उत्तर देऊ नका, तिलाच आधी काय वाटतं ते बघा.

मुलाला आणि सुनेला समोर बसवून एकदा स्पष्ट सांगूनही ठेवा की आजारपणात तैलाभ्यंग, म्हणजे पवित्र तेल लावण्याचा संस्कार, देताना जमलं तर मराठी येणारे फादर बोलवा, नाही जमलं तर गुजरातीतही मला चालेल, पण घरच्यांनी मराठीत म्हणायचं. कुठल्या प्रार्थना, तेही वहीत लिहून द्या. असं बोलून ठेवलं की भीती बरीच उतरते, आणि मुलांनाही ऐनवेळी काय करावं ते कळतं.

आणखी एक. बडोद्यात मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी आणि दारात गुजराती, असंच ती राहत आली. त्यांत आपली कॅथलिक घरं थोडीच, पण तुमच्या चर्चमध्ये वसईची, नगरची, मुंबईची दोन-चार तरी निघतील. आडनावांवरून कळणार नाही, मिस्सेनंतर बाहेर थांबून विचारावं लागेल. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. वसईत घरोघर जपमाळ फिरते तशी तुमच्या घरी एका संध्याकाळी ठेवा. पाच दशकं आहेत. तीन मराठीत म्हणा, एक सुनेला गुजरातीत म्हणू द्या, एक नातीला इंग्रजीत. नंतर चहा आणि काहीतरी गोडधोड. फादरांनाही बोलवा.

पुढच्या नाताळात पत्र लिहा, गुजराती मिस्सेत कान कुठे अडखळला ते मला कळवा.

तुमची,
सल्ला सदराची लेखिका